शर्यतीतील अदमास आणि शक्तिमापक

मुंबईहून येणारा जुना रस्ता खोपोलीपाशी बोरघाटाला भिडतो, खंडाळ्याला माथ्यावर येतो आणि पुढे लोणावळा, चिंचवड, दापोडी, खडकी अशी गावे मागे टाकीत पुणे शहरात शिरतो. महाराष्ट्रातील सायकलिंगच्या परंपरेत ह्या रस्त्याला मानाचे स्थान आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांआधी चढून जाणाऱ्या स्वारास ‘घाटांचा राजा’ हा किताब देण्याची प्रथा पडली, ती ह्याच रस्त्यावर. हा किताब नेमक्या कोणत्या गुणाचा गौरव करतो, असा प्रश्न पूर्वी कोणास पडण्याचे कारण नव्हते. पायांतील बळ, छातीतील दम आणि त्या दोहोंचा व्यय कोठे व किती करावा ह्याचा अदमास, अशा तीन गुणांचा तो एकत्रित सन्मान होता. आज ह्यांपैकी तिसरा गुण बऱ्याच अंशी एका लहानशा उपकरणाकडे सोपविता येतो. त्यामुळे तो गुण स्पर्धेचा गाभा आहे की केवळ जुन्या काळातील अपुऱ्या साधनांचा परिणाम, हे ठरविणे प्राप्त झाले आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही यूसीआय ह्या जागतिक सायकलिंग संघटनेची मान्यता असलेली अनेक टप्प्यांची शर्यत झाली. युरोपातील स्पर्धांपुरता वाटणारा हा वाद अशा रीतीने आपल्या दारी आला आहे.

प्रथम उपकरणाचे स्वरूप पाहू. ‘पॉवर मीटर’ ह्या नावाने ते ओळखले जाते. प्रस्तुत लेखात त्यास शक्तिमापक म्हटले आहे. जर्मन अभियंता उलरिख शोबेरेर ह्याने १९८६ मध्ये सायकलीच्या क्रँकवर बसविता येणारे शक्तिमापक सिद्ध केले. पायडल दाबताना धातूवर जो सूक्ष्म ताण पडतो, तो विद्युत्-रोधातील फरकाच्या रूपाने टिपणाऱ्या पट्ट्या त्यात असतात. ताणावरून पायाने लावलेला जोर कळतो आणि त्या जोराला फिरण्याच्या वेगाची जोड दिली की शक्तीचे मूल्य वॅटमध्ये मिळते. हँडलवरील पडद्यावर ते क्षणोक्षणी उमटते. सायकलीचा वेग वाऱ्याने, चढाने आणि पुढील स्वाराच्या आडोशाने बदलतो. हृदयाचे ठोके उष्म्याने, अपुऱ्या झोपेने किंवा भीतीनेही वाढतात, आणि श्रम वाढल्यावर काहीशा विलंबाने वाढतात. वॅटचा आकडा ह्या सर्व उपाधींपासून मुक्त असतो. त्या घटकेस पायांनी केलेले काम तेवढे तो सांगतो.

ह्या आकड्याचे महत्त्व बोरघाटाच्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. खोपोली आणि खंडाळा ह्यांच्या उंचीतील अंतर ढोबळ मानाने ५०० मीटर आणि स्वार व सायकल ह्यांचे एकत्रित वजन ७५ किलो धरू. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३,६७,५०० जूल ऊर्जा लागते. घाट ३० मिनिटांत चढावयाचा तर सरासरी सुमारे २०४ वॅट, २५ मिनिटांत चढावयाचा तर २४५ वॅट, आणि २० मिनिटांत चढावयाचा तर सुमारे ३०६ वॅट शक्ती हवी. हवेचा अवरोध आणि घर्षण ह्यांसाठी लागणारी शक्ती निराळीच. प्रत्येक शरीराला एवढा वेळ टिकविता येईल अशी शक्तीची एक मर्यादा असते. आरंभी ती थोडीशी ओलांडली, तरी अखेरीस त्याची भरपाई फार मोठ्या दराने करावी लागते. शक्तिमापक असलेला स्वार पहिल्याच वळणावर आपली मर्यादा राखू शकतो. ते नसलेला स्वार श्वासाची लय, मांड्यांतील जळजळ आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरील ताण ह्यांवरून ती ओळखतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर एकाला अग्नी समोर दिसतो आणि दुसऱ्याला धुरावरून अग्नीचे अनुमान करावे लागते.

शर्यतीत ह्या उपकरणास बंदी असावी, असे म्हणणारा पक्ष प्रबळ आहे. तूर द फ्रान्सचे संचालक ख्रिस्तियाँ प्रुदोम ह्यांनी २०१८ मध्ये ही मागणी जाहीरपणे केली. त्यापूर्वी नैरो किन्ताना आणि अलेहान्द्रो व्हाल्व्हेर्दे ह्या नामांकित स्वारांनीही तसेच मत मांडले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बलाढ्य संघ चढावर ठराविक वॅटची गती धरून चालतो. कोणी प्रतिस्पर्धी मुसंडी मारून पुढे गेला, तरी तो ती शक्ती फार काळ टिकवू शकणार नाही हे आकडाच सांगतो. मग त्याच्या मागे धावण्याचे कारण उरत नाही. साहस व्यर्थ ठरते आणि शर्यतीतील अनिश्चितता लोपते. २०१२ पासूनच्या काही वर्षांत टीम स्काय ह्या ब्रिटिश संघाने मिळविलेली विजयमालिका ह्या युक्तिवादाच्या पुष्ट्यर्थ नेहमी पुढे केली जाते.

हा युक्तिवाद आकर्षक असला, तरी तीन कारणांनी तो टिकत नाही. पहिले कारण वस्तुस्थितीचे. पडद्याकडे पाहून सायकल चालविणारा म्हणून ज्याची थट्टा झाली, त्या ख्रिस फ्रूमनेच २०१८ च्या जिरो दितालियामध्ये कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ह्या घाटापासून सुमारे ८० किलोमीटर एकट्याने जाऊन शर्यतीचे पारडे फिरविले. २०२४ मध्ये झ्यूरिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तादेय पोगाचारने अंतिम रेषेपासून सुमारे १०० किलोमीटरवर चढाई आरंभिली आणि ती यशस्वी केली. शक्तिमापकांचा वापर सार्वत्रिक झाल्यानंतरच्या ह्या घटना आहेत. मापक खर्च दाखविते. शिल्लक दाखवीत नाही. त्यामुळे साहसाला अजूनही वाव राहतो. दुसरे कारण तत्त्वाचे. प्रेक्षकांची करमणूक हा स्पर्धेच्या नियमांचा पाया मानला, तर उद्या करमणुकीसाठी वाटेल तो नियम समर्थनीय ठरेल. तिसरे कारण व्यावहारिक. चढाची उंची, स्वाराचे वजन आणि लागलेला वेळ ठाऊक असला की शक्तीचा अंदाज घरबसल्या करता येतो, हे आपण बोरघाटाच्या हिशेबात पाहिलेच. २०१५ च्या तूर द फ्रान्समध्ये फ्रूमच्या कामगिरीविषयी असे अंदाज बांधले गेले, संशय व्यक्त झाला, आणि अखेर त्याच्या संघाने आपल्या मापकातील आकडे जाहीर करून त्यास उत्तर दिले. मापनाचे ज्ञान जगातून हद्दपार करणे कोणाच्याही हाती नाही.

तर मग अनुज्ञेचा पक्ष ग्राह्य मानावा काय? ह्या पक्षाचे पुरस्कर्ते इतिहासाचा दाखला देतात. तूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज ह्यांनी गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस दीर्घकाळ विरोध केला. १९३७ मध्ये त्या शर्यतीत ती यंत्रणा सर्वांस खुली झाली आणि आज तिच्यावाचून शर्यतीची कल्पनाही करवत नाही. शक्तिमापकाचा विरोध हा त्याच जुन्या हट्टाचा नवा अवतार, असे त्यांचे प्रतिपादन असते. परंतु ह्या दोन साधनांत एक मूलभूत भेद आहे. गिअर पायांच्या सामर्थ्याचे रूपांतर करतो. तो केव्हा बदलावा, हा निर्णय स्वाराचाच राहतो. शक्तिमापक पायांच्या सामर्थ्यात तिळमात्र भर घालीत नाही. ते निर्णयाचा आधार पुरविते. पहिले साधन हाताला दिलेले अवजार आहे, तर दुसरे कानात सांगितलेले उत्तर आहे. म्हणून पहिल्याच्या स्वीकारावरून दुसऱ्याचा स्वीकार सिद्ध होत नाही.

ह्याच पक्षाचा दुसरा मुद्दा अधिक विचारार्ह आहे. ज्याला निष्णात प्रशिक्षक लाभला नाही, अशा मुलाला शक्तिमापक स्वतःची मर्यादा शिकविते, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण ते सरावाविषयी खरे आहे. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र हे उपकरण विकत घेऊ शकणारा आणि न घेऊ शकणारा ह्यांच्यामध्ये ते एक नवी भिंत उभी करते. आपल्याकडील स्थानिक शर्यतींत एकाच रांगेत दोन्ही प्रकारचे स्वार उभे असतात, हे विसरून चालणार नाही.

येथवरच्या विवेचनावरून असे दिसेल की उभय पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत. उपकरण असावे किंवा नसावे, एवढेच दोन पर्याय ते मानतात. यूसीआयच्या नियमांतही हीच गफलत दिसते. रक्तातील शर्करेचे सतत मापन करणाऱ्या संवेदकांस तिने २०२१ मध्ये शर्यतीत मनाई केली. शक्ती आणि हृदयाचे ठोके मोजण्यास मात्र अनुमती ठेवली. शर्करा ही देहाच्या अंतर्भागातील गोष्ट, म्हणून ती वर्ज्य, असे म्हणावे तर हृदय देहाबाहेर असते काय? काय मोजावे ह्यावर रेषा आखू गेल्यास ती अशी डळमळीतच राहणार. नवे संवेदक निघतील, आणि प्रत्येकासाठी नवा अपवाद शोधावा लागेल.

माझ्या मते विवेकाची रेषा अन्यत्र आहे. काय मोजले, हा खरा प्रश्न नव्हे. मोजलेले केव्हा आणि कोणास दाखविले, हा खरा प्रश्न होय. बुद्धिबळाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखच्या पिढीतील खेळाडू संगणकाच्या साहाय्यानेच घडले. डाव संपल्यावर संगणकाला विचारून आपल्या चुका शोधणे, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग असतो. परंतु डाव चालू असताना संगणकाकडे नुसता दृष्टिक्षेप टाकणे हा अपराध ठरतो. ह्यात कोणास विसंगती वाटत नाही, कारण पटावर जी कसोटी घ्यावयाची, ती निर्णयशक्तीची आहे हे सर्वांस मान्य आहे. सायकल शर्यत ही केवळ स्नायूंची कसोटी असती, तर प्रयोगशाळेत स्थिर सायकलीवर स्वारांचे वॅट मोजून पारितोषिके वाटता आली असती. आपण तसे करीत नाही, ह्याचाच अर्थ स्वतःच्या शक्तीची पारख हा कसोटीचा अविभाज्य भाग आहे, असे आपण मनोमन मानतो.

विशेष असे की हा तोडगा सायकलिंगला अपरिचित नाही. वेलोड्रोमवरील शर्यतींत मापक बसविता येते, पण त्याचा आकडा स्वाराच्या दृष्टीस पडता कामा नये, असा दंडक आहे. रस्त्यावरील शर्यतींसही तोच लावावा. मापक सायकलीवर असू द्यावे, नोंद पूर्ण होऊ द्यावी, शर्यतीनंतर तिचा अभ्यास व्हावा. पडदा तेवढा झाकलेला असावा. अशा व्यवस्थेत ज्ञानाचा लोप होत नाही. कामगिरीविषयी संशय उद्भवल्यास पडताळणीसाठी नोंद उपलब्ध राहते. आणि ज्याच्यापाशी हे उपकरण नाही, त्याचे शर्यतीपुरते काहीही अडत नाही.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सामूहिक शर्यतीत पडदा झाकला, तरी घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत तो खुला ठेवावा, कारण तेथे डावपेच नसून शुद्ध मापनच असते. मला नेमके उलट वाटते. एकट्याच्या शर्यतीत आडोसा नाही, प्रतिस्पर्धी समोर नाही; शक्तीची वाटणी हाच तेथील एकमेव डावपेच आहे. तोच आकड्याच्या स्वाधीन केला, तर बळावाचून दुसरे काही उरत नाही. दुसरा आक्षेप असा की सराव झालेल्या स्वारास घड्याळ आणि मैलाचे दगड ह्यांवरूनही आपल्या शक्तीचा हिशेब करता येईल. अवश्य करावा. तो त्याने स्वतः केलेला हिशेब असेल, दमछाक चालू असताना केलेला असेल आणि चुकण्याचा धोका पत्करून केलेला असेल. अनुमानाला आपला विरोध नाही. अनुमानाची गरजच नाहीशी करण्याला आहे.

मराठी वाचकास ह्या प्रश्नात गम्य वाटावे, ह्याचे कारण केवळ क्रीडाविषयक नाही. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि पिढ्यान् पिढ्या तेथील कामगार सायकलींवरून कामाला गेले. कारखान्यात वस्तूचे माप अचूकच हवे. तेथे अदमासाला जागा देणे म्हणजे अपघातास निमंत्रण. परंतु कारखान्याचा हा योग्य न्याय मनुष्याच्या प्रत्येक उद्योगास लावता येत नाही. काही उद्योगांत स्वतःस ओळखणे हीच साध्य वस्तू असते, आणि खेळ हा त्यांपैकी एक आहे.

आंतरराष्ट्रीय नियम पुण्यात बसून बदलता येणार नाहीत. परंतु आंतरविद्यापीठीय स्पर्धा आणि राज्यातील स्थानिक शर्यती ह्यांच्या नियमांचा विचार आपल्या विद्यापीठांतील शारीरिक शिक्षण विभागांना निश्चितच करता येईल. एखाद्या घाट-शर्यतीत झाकलेल्या पडद्याचा नियम लावून पाहावा, नंतर मापकांतील नोंदी स्वारांपुढे ठेवाव्यात, आणि प्रत्येकाचा अदमास प्रत्यक्षाशी किती जुळला हे तपासावे. त्यातून संशोधनास साहित्य मिळेल, विद्यार्थ्यास आपली पारख सुधारता येईल, आणि ‘घाटांचा राजा’ हा किताब ज्या तीन गुणांसाठी दिला जात असे, त्या तिन्हींसाठी तो पुढेही देता येईल.