डॉक्टरांचा कल आणि औषधाचा गुण : एक परीक्षण

औषधाचा गुण रुग्णांच्या नोंदींवरून ठरवू जाता एक अडचण हटकून आडवी येते. डॉक्टर औषध निवडतो ते रोग्याकडे पाहून. तेव्हा नवे औषध ज्यांना मिळाले ते मुळातच अधिक धोक्यातले असण्याचा संभव असतो. नोंदीत न उतरलेला हा धोका रूढ समायोजनाने पुसला जात नाही. ह्यावर ब्रुकहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'एपिडेमिऑलॉजी' ह्या नियतकालिकात सुचविलेला उपाय असा : डॉक्टरने ह्याच्या आधीच्या रोग्याला कोणते औषध लिहून दिले, तेच साधनचल मानावे. आधीच्याची चिठ्ठी ह्या रोग्याच्या प्रकृतीपासून अलिप्त असते, हे त्यामागील गृहीत. कल्पना चतुर आहे, यात शंका नाही.

पेन्सिल्व्हेनियातील वृद्धांच्या नोंदींवर कॉक्स-२ रोधक व जुनी वेदनाशामके यांची तुलना करता रूढ रीतीने जठरांत्रातील उपद्रवांत दर शंभर रोग्यांमागे ०.०६ एवढीच घट दिसली; साधनचलाने ती १.३१ भरली. हा दुसरा आकडा यादृच्छिक प्रयोगांशी अधिक जुळतो खरा; परंतु त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल ०.२० पासून २.४२ पर्यंत पसरला आहे. एवढ्या रुंद दारातून पुष्कळच निष्कर्ष आत येऊ शकतात.

शिवाय, नव्या औषधाकडे कल असलेला डॉक्टर जठररक्षक औषधेही सढळ हाताने लिहीत असेल, तर श्रेय कोणाचे? येथे परिणामातील फरकाला औषधवापरातील फरकाने भागावयाचे असते. हा भाजक एकपंचमांश असला, तर अंशातील लहानशी चूक पाचपट होऊन बाहेर पडते.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हर्नान व रॉबिन्स यांनी उपस्थित केलेला एकदिशतेचा प्रश्न आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. एक डॉक्टर एरवी जुन्या औषधाचा, पण अल्सरच्या रोग्याला नवे देणारा. दुसरा नव्याचा पुरस्कर्ता, पण हृदयविकार असल्यास ते टाळणारा. दोन्ही विकार असलेला रोगी पहिल्याकडून नवे औषध घेऊन येईल, दुसऱ्याकडून जुने. म्हणजे कलाच्या नेमके उलट! अशा रोग्यांची संख्या थोडी नसल्यास १.३१ हा परिणाम नक्की कोणाचा, हे सांगता येत नाही. २००४ साली रोफेकॉक्सिब हृदयाच्या धोक्यामुळेच बाजारातून काढून घ्यावे लागले, हे ध्यानी घेता ही शंका केवळ तार्किक राहत नाही. ह्या रीतीने प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने निदान दोन्ही कलांच्या डॉक्टरांकडील रोग्यांचे विकार व सोबतची औषधे यांची सारणी आकड्याआधी छापावी.