शेजारच्या घरातला सण

दिवाळी अंक शहरात दिवाळीत वाचतात. आमच्या ताडकळसला तो थंडीत वाचला जातो. पूर्णा तालुक्यातले हे गाव. इथे एक अंक चार-सहा घरे फिरतो. या घरातून त्या घरी जाता जाता त्याचे मुखपृष्ठ सुटते, राशिभविष्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग पडतो, आणि माझ्या हाती तो येतो तेव्हा मार्गशीर्ष लागून शिवारातली ज्वारी कमरेला आलेली असते. चकलीच्या आणि आकाशकंदिलाच्या गोष्टी आम्ही शेकोटीपाशी बसून वाचतो.

त्यामुळेच असेल, एक उणीव मला बरीच वर्षे खटकत आली आहे. दिवाळी सरल्यापासून माघ संपेपर्यंत आमच्या आसपास सणांची रांग लागलेली असते. लातूर-उस्मानाबादकडची वेळ अमावस्या, ख्रिस्ती घरांतला नाताळ, पौष शुद्ध सप्तमीला नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात होणारा गुरू गोविंदसिंहांचा जन्मोत्सव, संक्रांत, आणि फेब्रुवारीच्या आरंभी परभणीला भरणारा हजरत तुराबुल हक यांचा ऊरुस. या सणांविषयी मराठीत लिहिले पुष्कळ जाते. लक्षात राहावे असे त्यात फार थोडे असते. असे का व्हावे?

मौज अशी की दिवाळी अंक ही कल्पनाच मुळी शेजारच्या घरातली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्या काळी इंग्रजी नियतकालिकांचे नाताळाचे जाडजूड खास अंक निघत. आपल्या अंकाची धर्ती तीच. नाताळाने आपल्याला एवढी मोठी भेट दिली, आणि त्या नाताळावर आपण लिहितो ते काय? तर केक, मेणबत्ती आणि ‘प्रकाशाचा संदेश’!

हा ‘प्रकाशाचा संदेश’ म्हणजे अशा लेखांचा ठरलेला साचा आहे. पहिल्या परिच्छेदात गुलाबी थंडी. दुसऱ्यात एकामागून एक सणांची हजेरी: इथे तिळगूळ, तिथे लंगर, पलीकडे शीरखुर्मा. आणि शेवटी लेखक हात जोडून सांगतो की नावे निराळी असली तरी सण एकच. लेखकाचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण सगळे सण एकच असतील तर शेजाऱ्याच्या दारात जायचेच कशाला? आपल्याच घरात बसून भागते की! हा लेख वाचून वाचक शेजारी जात नाही. मनाने जाऊन आल्याचे समाधान तेवढे त्याला मिळते.

हे मी तुच्छतेने म्हणत नाही, कारण असा एक लेख माझ्याही नावावर आहे. १९९९ च्या डिसेंबरात रमजान सुरू झाला आणि २००० च्या जानेवारीत, संक्रांतीच्या थोडे आधी, ईद आली. असा योग पाहून मी ‘थंडीतले दोन चंद्र’ अशा मथळ्याचा निबंध लिहिला आणि गावातल्या एका छोट्या बैठकीत वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. आमच्या शेजारचे शिंपीकाम करणारे चाचा मागे बसले होते. घरी परतताना ते म्हणाले, “गुरुजी, लई चांगलं वाचलं तुम्ही. पर त्यात आमचं घर न्हाई दिसलं.”

मी जरा दुखावूनच विचारले, “का बरं, चाचा?”

“थंडीतला रोजा कसा ऱ्हातो, ते कुठं लिवलं? दिवस बारका. तहान लागत न्हाई, भूक मात्र लई लागती. पहाटं वजूचं पाणी हाताला चावतं. आन् लहान पोरं पहिला रोजा धरत्यात ते ह्याच दिवसांत. अन् ईद काय थंडीची न्हाई, गुरुजी. ती अवंदा इकडं पाहुणी आली. पुढं पावसाळ्यात जाईल, उन्हाळ्यात जाईल.”

त्या एका उत्तराने माझ्या निबंधातली हवा गेली. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान सगळे ऋतू फिरून सुमारे तेहतीस वर्षांनी मूळ जागी येतो. हे मी शाळेत मुलांना शिकवीत होतो, आणि निबंध लिहिताना मात्र साफ विसरलो होतो! त्याच २००० साली डिसेंबरच्या अखेरीस दुसऱ्यांदा ईद आली. २०३० साली तर जानेवारीत आणि डिसेंबरात असा दोनदा रमजान सुरू होईल. परभणीचा ऊरुस मात्र इंग्रजी तारखेने भरतो, त्यामुळे तो थंडी सोडून जात नाही. एकाच धर्मातले हे दोन दिवस, एक फिरता आणि एक ठिकाणावरचा. ‘सण एकच’ म्हणणाऱ्याला हा फरक कधी दिसायचा नाही.

तेव्हापासून अशा लेखनाला मी एकच कसोटी लावतो: ज्याचा सण आहे त्याला त्यात आपले घर ओळखू येते का?

या कसोटीला उतरणारी पुस्तके मराठीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ साली गोव्यात राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांत हा इंग्रज पाद्री येशूच्या जन्माची कथा सांगतो. त्याचा स्वर्ग ‘वैकुंठ’ आहे आणि त्याची चाल आपल्या पुराणिकाची आहे. बेथलेहेमची कथा मराठी माजघरात बसून ऐकता येते, हे त्याने चारशे वर्षांपूर्वी दाखवले. नवख्रिस्तींच्या जुन्या पोथ्या सुटल्या होत्या, त्या रिकाम्या हातांत ही पोथी आली, हेही विसरता येत नाही. गोडवा खरा, आणि त्यामागची सत्ताही खरी. दोन्ही ध्यानात ठेवूनच ते पुस्तक वाचावे.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्यांच्या पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षांनी त्यांनीही. एवढी उलथापालथ त्या सांगतात कशातून? सोवळ्याच्या, पाण्याच्या, स्वयंपाकघराच्या लहानसहान गोष्टींतून, आणि स्वतःलाच हसत. त्यामुळे ब्राह्मण वाचकाला आपले घर त्यात ओळखू येते, तसे ख्रिस्ती वाचकालाही. प्रकाशाचे भाषण त्यांनी केले असते तर ते पुस्तक आज कुणी उघडले नसते.

आणि जे अजून नीट लिहिलेच गेले नाही, ते केवढे आहे! कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींचे पाहा. ज्यूंचा हिवाळी सण म्हटला की आमचे लेखक इंग्रजी पुस्तकातून ‘हनुका’ उचलतात. पण हनुका या मराठी यहुद्यांच्या जुन्या आठवणीत नव्हता. इतर यहुद्यांशी संबंध आल्यावर पुढे तो त्यांनी घेतला. त्यांचा अस्सल घरचा दिवस निराळा. अलिबागेजवळच्या खंडाळ्याला एलियाहू संदेष्ट्याने दर्शन दिले अशी त्यांची श्रद्धा. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ते त्याच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. या दिवसाला ते म्हणतात ‘ऊरुस’! संदेष्टा इस्राएलचा, शब्द मुसलमानांचा, पोहे कोकणचे. हे ऐकल्यावर ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द उच्चारायची गरज राहते का?

वेळ अमावस्येचीही तीच कथा. माझे आजोळ लातूरकडचे. मार्गशीर्ष अमावस्येला तिथे गावे ओस पडतात आणि शिवार भरते. कडब्याची कोप, चुना लावलेले पाच पांडवांचे दगड, मडक्यातले आंबील, तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचे, अशी रीत. त्याची जात-धर्म विचारण्याइतका वेळ कुणाला नसतो. आंबील आंबट होत असते. हा काही दिव्यांचा सण नाही. तो पिकाचा सण आहे, म्हणून ‘प्रकाशा’च्या निबंधात त्याला जागा मिळत नाही.

२०१९ साली नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, मार्गशीर्ष अमावस्येचे सूर्यग्रहण झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका पाद्र्याने संमेलनाचे अध्यक्ष व्हावे याला काहींनी विरोध केला होता. २०२४ साली फादर गेले. त्या विरोधाचे मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. शेजारच्या घरात काय शिजते, कोण कोणत्या पहाटे उठते, हे ज्या भाषेतल्या ललित लेखनाने वर्षानुवर्षे सांगितले नाही, त्या भाषेतल्या माणसाला शेजारी परका वाटला तर दोष त्या माणसाचा थोडा आणि आम्हा लिहिणाऱ्यांचा अधिक.

चाचा आता नाहीत. त्यांचा नातू दुकान चालवतो. गेल्या हिवाळ्यात हाच अंक वाचायला मागायला आला, तेव्हा मी त्याला म्हटले, “वाच आणि सांग, कुठे तुझे घर दिसते का.” पंधरा दिवसांनी अंक परत आला. “शोधलं, गुरुजी,” एवढेच तो म्हणाला. म्हणून हा लेख. वाचकहो, यंदाचा अंक तुमच्याकडून पुढच्या घरी जाईल तेव्हा त्या घरच्यांनाही एवढे विचारा. उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला लेख आयता होईल.