‘देवराई’ आणि आपली वस्ती

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने एक मोलाचे काम केले. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष त्यात हसण्याचा विषय होत नाही. अतुल कुलकर्णींचा शेष आजारी आहे, पण आधी माणूस आहे. हे श्रेय नि:संशय दिले पाहिजे.

तरीही प्रश्न उरतोच. शेषच्या पाठीशी बहीण आहे, डॉक्टर आहे. आमच्या वस्तीतला शेष मात्र प्रथम देवऋषीपुढे बसवला जातो. ‘वेडा’ हा शिक्का बसण्याआधीच त्याच्या कपाळी जातीचा शिक्का असतो. रोजचा अपमानही मन पोखरतो, हे मध्यमवर्गीय कलाकृतीला दिसत नाही. तिला आजार घराच्या चार भिंतींत दिसतो. आम्हाला तो गावाच्या रचनेतही दिसतो.

मग हे सांगायचे कोणी? भीमराव कर्डकांच्या जलशाने अस्पृश्यता आणि अंधश्रद्धा या दोहोंवर भर वस्तीत प्रहार केला. त्याच जलशाने आज मनाच्या आजाराबद्दल बोलावे. ‘अंगात आले’ म्हणणाऱ्या आईला दोष न देता दवाखान्याची वाट दाखवावी, आणि अपमान करणाऱ्या व्यवस्थेलाही जाब विचारावा. यातले एकच केले, तर काम अर्धेच राहील.