‘स्वयम्’ नावाचा मजकूर

शासन निर्णय हा मराठी गद्याचाच एक प्रकार आहे, पण समीक्षा त्याच्या वाटेला जात नाही. मूल, सावली, गडचिरोली या पट्ट्यातला बारावी झालेला आदिवासी मुलगा मात्र त्या वर्षी कादंबरी वाचत नाही, हेच वाचतो. तेही झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने, फॉर्म भरणाऱ्याच्या खांद्यावरून. म्हणून हा मजकूर एकदा मजकूर म्हणून वाचायला हवा. तो कोणाशी बोलतो? काय गृहीत धरतो?

आदिवासी विकास विभागाची ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना’ 2016 साली आली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी थेट खात्यात रक्कम द्यायची, ही कल्पना. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ₹60,000, इतर महानगरपालिकांत ₹51,000, जिल्ह्याच्या ठिकाणी ₹43,000. म्हणजे नागपूरला 60, चंद्रपूरला 51, गडचिरोलीला 43. या उतरंडीत मूल कुठेच नव्हते. इथे महाविद्यालय आहे, खेड्यांतून येणारी मुले आहेत, भाड्याच्या खोल्याही आहेत. पण तालुक्याच्या गावी कोणी शिकायला येऊन राहत असेल, हे मूळ मजकुराला सुचलेच नाही. तालुक्याची पायरी पुढे जोडली गेली.

इथेच या मजकुराचा स्वभाव कळतो. तो विद्यार्थ्याला तो जिथे पोचला त्या शहरावरून मोजतो, जिथून निघाला त्या गावावरून नाही. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर. तिथून आलेली मुलगी आणि शेजारच्या तालुक्यातून आलेली मुलगी, दोघी 43 हजारांच्याच. त्यातले भोजनाचे 25 हजार दहा महिन्यांवर पसरले, तर दिवसाला 83 रुपये पडतात. दोन वेळचे जेवण, नाश्ता, चहा, सगळे त्यात. निवासाचे 12 हजार म्हणजे महिन्याला बाराशे. एवढ्यात खोली मिळते की खोलीतला कोपरा, हे खोली शोधणाऱ्यालाच विचारावे.

दुसरी गोष्ट काळाची. आधी प्रवेश, मग वसतिगृहाचा अर्ज, मग यादीत नाव नसणे, मग ‘स्वयम्’चा अर्ज, मग पडताळणी, मग खाते. या क्रमात पैसा सगळ्यात शेवटी येणार, हे मजकुरातच लिहिलेले आहे. खोलीवाल्याची आगाऊ रक्कम मात्र पहिल्याच दिवशी द्यावी लागते. हे दिवस कोणते? रोवणीचे. हा धानाचा मुलूख. घरातला पैसा बियाण्यात, खतात, मजुरीत गेलेला असतो आणि धान विकून तो परत यायला दिवाळी उलटते. मोहफूल, तेंदूपत्त्याचे चार पैसे असले तर तेही तोवर उधारीत जिरलेले. शासनाचे वर्ष आणि घराचे वर्ष यांची गाठ पडत नाही. मधले महिने सावकार, नातेवाईक किंवा शिक्षण सोडणे यांपैकी एकाच्या हवाली होतात.

योजनेची बाजूही खरी आहे. वसतिगृहे अपुरी आहेत आणि नवी बांधायला वर्षे लागतात. हातात पैसा आला की कॉलेजजवळ राहता येते, कोणाच्या नियमांत अडकावे लागत नाही. पण 2018 साली वसतिगृहांतली खानावळ बंद करून तिचेही पैसे खात्यात द्यायचे ठरले, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे मिळत असताना मुले ताट मागत होती. ताटाबरोबर येणारी सोबत, वेळेवर मिळणारे जेवण, सीनियरने सांगितलेली पुस्तके, माडिया किंवा गोंडी बोलणारे कोणीतरी शेजारी असणे, यांची रक्कम काढता येत नाही. रोख रकमेत ते सगळे गळून जाते.

म्हणून ‘स्वयम्’ हे नाव खटकते. स्वतःच्या पायावर उभे राहा, असे ते म्हणते. ऐकणाऱ्याला मात्र ‘तुझे तू बघ’ असे ऐकू येते. प्रवेशाच्या पावतीवर पहिला हप्ता आणि गावापासूनच्या अंतराचा एक रकाना, एवढ्या दोन दुरुस्त्या झाल्या तरी अर्थ बदलेल. मजकूर तोच राहील, पण तो पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या गावाकडे तोंड करून बोलेल.