मेंढपाळाची प्रतिमा आणि समुद्रकाठचे भय

भयाच्या प्रसंगी मनुष्य युक्तिवाद मागत नाही, आधार मागतो. आणि धर्मवाङ्मय हा आधार बहुधा प्रतिमांच्या द्वारे देते. ख्रिस्ती शास्त्रातील व गीतांतील मेंढपाळाची प्रतिमा अशांपैकीच होय. ती इतकी गायली गेली आहे, की तिची काव्य म्हणून पारख करण्याचे सहसा कोणास सुचत नाही. आमचा प्रश्न असा, की जेथे मेंढरू क्वचितच दृष्टीस पडते, त्या मालवणच्या किनाऱ्यावर ही प्रतिमा भयावर उतारा कशी ठरावी?

सिंधुदुर्गात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. असल्या ओलीत मेंढरांचा निभाव लागणे कठीण. सह्याद्रीच्या उतरणीवरील गवळी-धनगरही गाईम्हशीच पाळतात. किनाऱ्यावरील ख्रिस्ती माणसास गुराखी ठाऊक, तांडेल ठाऊक. मेंढपाळ त्याला भेटतो तो इगर्जीत. २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. समारंभात बिशपांच्या हाती जो वाकड्या टोकाचा दंड असतो, तो मेंढपाळाच्या काठीचेच रूप होय. म्हणजे येथे मेंढपाळाआधी त्याची काठीच परिचयाची झाली.

या प्रतिमेचे मूळ सामर्थ्य पाहावयाचे तर दाविदाच्या नावावर असलेले तेविसावे स्तोत्र पाहावे. आरंभी हिरवी कुरणे आहेत, संथ पाणी आहे, आणि देवाचा उल्लेख तृतीय पुरुषी आहे. पुढे काळोखी दरी येते आणि नेमक्या त्याच ठिकाणी ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. सुखात देवाविषयी बोलणारा भक्त भयात देवाशी बोलू लागतो. आमच्या मते स्तोत्राचा सारा दिलासा या एका सर्वनामात आहे. दुसरे असे, की दरी नाहीशी होत नाही. पुढे पंगत मांडली जाते तीही शत्रूंच्या देखत. भय खोटे आहे असे हा कवी कोठेच म्हणत नाही. शिवाय त्याला धीर देणारी काठी श्वापदांवर उगारावयाचीही आहे, हे विसरता कामा नये.

मराठीत या प्रतिमेला एक प्रबळ सोबतीण मिळाली. फादर स्टीफन्सांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून १६१६ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून ख्रिस्तकथा संतवाणीच्या वळणावर चालू लागली. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणून आळविले. मराठी कानाला हेच संबोधन जवळचे वाटावे यात नवल नाही. तथापि दोन्ही दिलासे एक नव्हेत. आई लेकराला भयापासून उचलून घेते. मेंढपाळ कळपाला भयातून पार नेतो. पहिल्यात कूस आहे, दुसऱ्यात वाट आहे. टिळकांचे ऋण मान्य करूनही आम्हांस वाटते, की माउलीच्या गोडव्यात वाटेची कठोरता हरवू नये. आमच्या वाचनातील काही भाषांतरित गीतांत कुरण तेवढे उरले आहे व दरी गळाली आहे. ती गीते गोड असली तरी संकटकाळी थिटी पडतात. उलट स्कॉटलंडच्या १६५० च्या पद्यमय स्तोत्रसंग्रहात दरी व शत्रू दोन्ही कायम आहेत. त्याच देशाचे मिशनरी १८२३ साली कोकणात बाणकोटास आले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

यावर असा आक्षेप येईल, की माणसाला मेंढरू म्हणणे म्हणजे त्याला मुकाट्याने हाकले जाण्यास शिकविणे. आक्षेप वजनदार आहे; परंतु यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात याच प्रतिमेने कळपावर पोट भरणाऱ्या मेंढपाळांची झाडाझडती घेतली आहे, आणि योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा दिसताच पळणारा मोलकरी व प्राण देणारा मेंढपाळ यांत स्पष्ट भेद केला आहे. प्रतिमेचा धाक कळपापेक्षा राखणदारालाच अधिक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणी म्हणेल, की होडीवर पोट असणाऱ्यांना मेंढपाळ कशास? त्यांच्यासाठी मार्काच्या चौथ्या अध्यायातील तुफान शमविणारा ख्रिस्त आहेच. पण तेथे भय जाते ते वारा पडल्यामुळे. मालवणच्या दर्यावर्दीला पक्के ठाऊक असते, की प्रार्थना केली म्हणून प्रत्येक वेळी वारा पडत नाही, आणि गेलेली प्रत्येक होडी परत येत नाही. ज्या घरात अशी वाट पाहिली गेली आहे, त्याला दरी हटविण्याचे वचन न देता दरीत सोबत देणारे स्तोत्रच अधिक खरे वाटेल. संथ पाण्याचा अर्थही त्याला कुरणवाल्यांइतकाच कळतो. खाडीच्या आत शिरलेल्या होडीला विचारावे. तेव्हा ही प्रतिमा परकी आहे म्हणून टाकण्याचे कारण नाही. मात्र गाताना ती पुरी गावी, दरीसकट.