टक्कर दिसली, कारण राहिले

अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने २००९ साली आपल्या पन्नाशीनिमित्त दोन मोटारींची टक्कर घडवून आणली. एक १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, दुसरी त्याच कंपनीची २००९ ची मालिबू. दोघींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर, आणि आघात चालकाच्या बाजूवर. या टकरीची फिल्म वर्गात दाखवण्याजोगी आहे, परंतु नुसती दाखवून सोडून देण्याजोगी नाही.

दृश्य विलक्षण आहे. बेल एअरचा चालककक्ष कोसळतो, समोरची काच निखळते, दार उघडते. मालिबूचे नाक पार चेपते, पण माणूस बसतो ती जागा टिकून राहते. हे पाहून विद्यार्थी म्हणेल, ‘नवे पोलाद जास्त मजबूत.’ हे अर्धेच खरे आहे. मालिबूचा पुढचा भाग मुद्दामच हार मानतो.

प्रतिबल-विकृतीचा आलेख शिकवताना आपण हुकच्या नियमाची सरळ रेषा काढतो आणि प्रत्यास्थता मर्यादा आली की खडू खाली ठेवतो. मोटारीच्या नाकाचे काम तेथूनच सुरू होते. पोलाद कायमचे वाकते, त्याला घड्या पडतात, आणि त्यात गतिज ऊर्जा खर्च होते. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर. गतीचे तिसरे समीकरण वापरून पाहा: ६० सेंटिमीटरांत थांबल्यास सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या २७-२८ पट येते, १० सेंटिमीटरांत थांबल्यास सुमारे १६५ पट! म्हणून अभियंता प्रतिबलाची वाटणी करतो. पुढच्या तुळयांनी मर्यादा ओलांडावी, कक्षाच्या खांबांनी शक्यतो ओलांडू नये.

फिल्ममध्ये यातले काही उलगडत नाही. शिवाय प्रयोग म्हणून तिच्यात मोठा दोष आहे. बेल एअरमध्ये सुरक्षापट्टा नाही. मालिबूत पट्टाही आहे आणि एअरबॅगही. पुतळ्याच्या इजेतील किती वाटा सांगाड्याचा आणि किती पट्ट्याचा? दोन घटक एकदम बदलले, तर आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो.

‘पन्नास वर्षांची प्रगती’ हा हिशेबही थोडा सोयीचा आहे. त्या बेल एअरचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा होता. कक्षाच्या कडांना आधार देणाऱ्या लांब तुळया त्यात नव्हत्या. उलट त्याच १९५९ साली मर्सिडीज-बेंझची नवी २२० बाजारात आली. चेपणारी दोन टोके आणि मध्ये ताठ कक्ष, ही बेला बारेनी यांची कल्पना तिच्यात होती. त्यासाठी पेटंटचा अर्ज १९५१ मध्येच झाला होता. म्हणजे १९५९ मध्ये हे ज्ञान उपलब्ध होते. सगळ्यांनी ते वापरले नव्हते, इतकेच.

फिल्म दाखवताना मालिबूचे नाक पूर्ण चेपले की तेथेच थांबवावी, आणि छताच्या खांबाला घडी पडली आहे का, हे मुलांनाच पाहायला सांगावे.