मोहतर्फा आणि आयकर : एका साम्याचें परीक्षण

मोहतर्फा म्हणजे मराठी अमलांतील आयकरच होय, असें समीकरण मांडण्याचा मोह जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस सहज होतो. साळी, तेली, सोनार, दुकानदार हे शेतीबाहेरचे धंदेवाले दोन्ही करांच्या कक्षेंत येतात, एवढ्यावरून साम्य ठरवावयाचें तर तें ठरेल. परंतु आमच्या मतें हें साम्य वरवरचें आहे, आणि तें गृहीत धरल्यानें दोन्ही करांच्या न्याय्यतेविषयीं निर्णय चुकतो.

मोहतर्फ्याची आकारणी सामान्यतः माग, घाणा, दुकान अशा डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंवर होई. आयकर साधनावर नसून प्राप्तीवर असतो. इ. स. १८६० मध्यें जेम्स विल्सन यानें तो प्रथम आणला, तेव्हां वार्षिक २०० रुपयांखालील प्राप्ति वगळली होती. २०० ते ५०० पर्यंत शेंकडा २ व त्यावर शेंकडा ४ असा दर होता. ऐपतीप्रमाणें दर चढविण्याचें हें तत्त्व घाण्यावरील पट्टींत नाहीं. दुष्काळांत बंद पडलेला घाणाही घाणाच मोजला जाणार. मात्र तेल्याच्या घरांत शिरून त्याची मिळकत विचारण्याची गरज त्या जुन्या करास नव्हती, हा त्याचा गुण आम्ही लहान मानीत नाहीं.

मोहतर्फा गेल्याबद्दल इंग्रजी अमलाची स्तुति करणाऱ्यांनीं एक गोष्ट ताडून पाहावी. मुंबई इलाख्यांत १८४४ च्या १९ व्या कायद्यानें शहरजकाती, मोहतर्फा व बलुत्यांवरील कर रद्द झाले, आणि त्याच सालीं मिठावरील कर मणामागें ८ आण्यांचा १ रुपया झाला. सुरतेस त्यावरून दंगा उसळला. घाण्यावरचा बोजा उतरून तो मिठाच्या खड्यावर गेला. ज्याच्या घरीं घाणा नाहीं त्या मजुरासही तो चुकला नाहीं. एका कराच्या रद्दतेचा कागद वाचतांना त्याच सालचा दुसरा कागद उलटून न पाहणें, ही आमच्या संशोधनांतली जुनी खोड आहे.

हिंगोली प्रांतास तो कायदा लागू नव्हता, कारण हा मुलूख निजामाचा. हैदराबाद संस्थानचा आयकर कायदा फसली १३५७ चा, म्हणजे इ. स. १९४७-४८ चा, १९५० पासून हिंदुस्थान सरकारचा कायदा येथें आला. परभणींतून १ मे १९९९ रोजीं वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत आज मोहतर्फ्याचा खरा वारस शोधावयाचा असेल, तर तो आयकरांत सांपडणार नाहीं. तो १९७५ च्या व्यवसायकरांत सांपडतो. वसमतच्या हळदबाजारांतला मोठा अडत्या आणि त्याच्याकडे दरमहा दहा हजारांहून थोडें अधिक वेतन घेणारा कारकून, दोघेही वर्षास २,५०० रुपयेच भरतात. राज्यघटनेनेंच ती कमाल ठरविली आहे. घाणा मोजण्याची रीत येथें जशीच्या तशी दिसते.

हळद पिकविणाऱ्याची शेतीची प्राप्ति मात्र आयकरापासून मुक्त आहे. १८८६ च्या कायद्यानें ही सूट दिली तेव्हां जमीन भारी सारा भरीत होती, म्हणून तिच्यामागें कांहीं न्याय होता. सारा हलका झाल्यावर दोन एकरवाल्यासाठीं ती सूट आम्हांस रास्तच वाटते. शेंकडों एकरांच्या धन्यास तीच सूट देण्यास त्या जुन्या युक्तिवादाचा आधार उरत नाहीं.

राहतां राहिला पुराव्याचा प्रश्न. आकारणीचा ताळेबंद कर किती मागितला हें सांगतो. तो खरोखर कोणास जड झाला, हें सुटीच्या अर्जांतून कळतें. आमचे संग्राहक शिक्क्याची सनद जपतात आणि असले किरकोळ बंद रद्दींत घालतात. वसमत, कळमनुरी, औंढा या बाजूचे मोडी रुमाल ज्यांच्याकडे असतील, त्यांनीं ते बंद फेंकूं नयेत. नकला आमच्याकडे पाठवाव्यात, मुळें त्यांच्याकडेच राहूं द्यावींत.